कागदावर ‘अस्थेनोपिया’ लिहून आलं, त्यानंतरचा माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी जकार्ड डिझाइन करते. टॉवेलवर मोर, कुयरी किंवा हॉटेलचं नाव विणलेलं असतं, ते आधी स्क्रीनवर बारीक चौकोनांत भरावं लागतं. कुठल्या रंगाचा लूप वर यायचा, हे चौकोनागणिक ठरवायचं. एक चौकोन चुकला की तीच चूक अख्ख्या मालात उमटते, त्यामुळे नजर हटवून चालत नाही.

त्रास दुपारच्या जेवणानंतर सुरू व्हायचा. आधी भुवयांच्या वर जडपणा, मग डोळ्यांच्या मागून कुणीतरी ओढ लावल्यासारखं दुखणं. चौकोनांच्या रेघा पुसट व्हायच्या, डोळे मिटून उघडले की पुन्हा स्पष्ट. संध्याकाळी बाहेर पडल्यावर समोरच्या बसची पाटीसुद्धा जरा वेळाने वाचता यायची. सुट्टीच्या दिवशी मात्र काहीच नाही. कधी, कशानं, किती वेळ दुखतं हे मी वहीत लिहायला लागले, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचाच झाला.

नवी पेठेत चष्म्याच्या दुकानात मशीनवर हनुवटी टेकवून तपासणी झाली. “नंबर नाही मॅडम, डोळे एकदम छान आहेत.” कारखान्यातले फिटर अण्णा म्हणाले, “लई उष्णता आहे ओ ताई, रात्री डोळ्यात गाईचं तूप घाला की.” अण्णांची माया खरी, पण डोळ्यात तूप घालायला मी काही तयार नव्हते. मग एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, थेंब दिले आणि कागदावर लिहिलं ‘अस्थेनोपिया’. सोबत सल्ला, स्क्रीन कमी करा.

माझं पोटच स्क्रीनवर आहे. ते कमी करायचं म्हणजे काम सोडायचं का, हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि त्या शब्दाच्या मागे लागले.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोळ्यांत बळ नसणं असा होतो, पण डॉक्टर तो डोळ्यांच्या ताणासाठी वापरतात: दुखणं, जडपणा, पुसट दिसणं, पाणी येणं, डोकं धरणं, हे सगळं त्यात आलं. म्हणजे मी तोंडाने जे सांगितलं होतं, तेच कागदावर मोठ्या शब्दात परत आलं होतं. आजारांच्या जागतिक वर्गवारीत, आयसीडी-१० मध्ये, हा शब्द एच ५३.१ या गटात आहे, आणि त्या गटाचं नावच रुग्णाला स्वतःला जाणवणारे दृष्टीचे त्रास असं आहे. उजेड सहन न होणं, दिव्याभोवती वलयं दिसणं हेही तिथेच. त्रास कशामुळे होतो, ते या शब्दात येत नाही. कारणांचे कोड वेगळे असतात.

हा त्रास डॉक्टरांना फार आधीपासून माहीत आहे. ग्लासगोचे विल्यम मॅकेन्झी यांनी १८४३ मध्ये या तक्रारीवर लिहिलं. तेव्हा स्क्रीन कुठली! शिवणकाम, छपाईचे खिळे जुळवणं, दिव्याच्या उजेडात वाचणं अशी कामं करणाऱ्यांचे डोळे दुखत होते. पुढे १८६४ मध्ये नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की यातल्या बऱ्याच लोकांना मुळात प्लस नंबर, म्हणजे दूरदृष्टी, असतो, आणि योग्य भिंगाने त्यांना काम करता येतं. काम सोडावं लागत नाही, हे वाचून मला किती धीर आला ते शब्दांत सांगता येणार नाही.

मग सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात वही घेऊन गेले आणि सरळ विचारलं, “मॅडम, हा ताण कशामुळे आहे ते शोधता येईल का?” त्यांनी वही पूर्ण वाचली. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, डोकं दुखताना उलटी होते का, एकाचे दोन दिसतात का, असं खोदून विचारलं. यातलं काही असतं तर वाट वेगळी असती आणि घाईची असती. डोळ्याखाली कागदाची पट्टी लावून अश्रू मोजले. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्याने डोळे कोरडे पडतात. माझे तसे नव्हते. पेनाचं टोक नाकाकडे आणत दोन्ही डोळे एकत्र वळतात का पाहिलं. तेही ठीक निघालं.

शेवटी डोळ्याचं प्रेशर तपासून बाहुली मोठी करणारे थेंब घातले. याची गरज मॅडमनी नीट समजावली. प्लस नंबर थोडा असला की डोळ्याच्या आतला स्नायू भिंग फुगवून तो झाकून टाकतो. साध्या तपासणीत नंबर शून्य दिसतो, पण तो स्नायू दिवसभर आवळलेलाच राहतो, भरलेली कळशी हात लांब करून धरल्यासारखा. थेंबांनी तो सैल पडतो आणि लपलेला नंबर बाहेर येतो. वय वाढतं तशी ही ताकद उतरते, म्हणून विशीत न जाणवलेलं दुखणं चाळिशीच्या तोंडावर वर येतं.

माझा दोन्ही डोळ्यांत दीड निघाला. त्यातला एकच दिला, कारण इतकी वर्षं आवळलेला स्नायू लगेच सुटत नाही आणि पूर्ण नंबर दिला तर लांबचं धूसर दिसतं. थेंब घालून घ्यायला जाणार असाल तर सोबत कुणाला तरी न्या, गाडी चालवू नका आणि गॉगल ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, आणि त्या उन्हात मोठ्या झालेल्या बाहुल्या घेऊन रिक्षा शोधणं हा छळ आहे. दुसऱ्या दिवशीही जवळचं वाचता येत नव्हतं, कामाची रजा आधीच सांगून ठेवली होती ते बरं झालं.

चष्मा सुरुवातीला परका वाटला, लांब पाहताना काढावासा वाटायचा. हळूहळू दुपारचं डोकं दुखणं विरळ झालं, मग गेलं. आता डिझाइन करताना वीस मिनिटांनी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे जरा वेळ पाहते. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली घेतला, मागच्या खिडकीला पडदा लावून घेतला. याने आराम पडतो, पण नंबर लपलेला असताना एवढ्यावर भागलं नसतं.

आमच्या चेकिंग खात्यातल्या एका ताईंच्या कागदावरही हाच शब्द आला होता. तुटके धागे शोधत त्या दिवसभर टॉवेलवर वाकलेल्या असतात. त्यांनी माझा चष्मा लावून पाहायला मागितला, मी दिला नाही, दवाखान्यात घेऊन गेले. पेनाचं टोक नाकापासून बरंच लांब असतानाच त्यांचा एक डोळा बाहेर सरकला. त्यांना नंबर नव्हताच, डोळे आत वळवणारी स्नायूंची जोडी कमी पडत होती. त्यांना व्यायाम दिलाय: पेनाचं टोक हळूहळू जवळ आणायचं, दोन दिसू लागलं की एक करायचा प्रयत्न करायचा, पुन्हा लांब न्यायचं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर त्या ते करतात आणि मी समोर बसून त्यांचा डोळा कुठे सुटतो ते सांगते.