नान्नजच्या माळावरून चोरीची गाडी परत आणताना

सोलापुरातून मोटारसायकल चोरीला गेली की लोक दोनच अंदाज बांधतात: एक तर ती विजयपूर-कलबुर्गीकडं गेली, नाहीतर खोलून सुट्या भागांच्या बाजारात गेली. तिसरी शक्यता सहसा कुणी धरत नाही. पेट्रोल संपलं, टायर बसला किंवा ज्या कामासाठी उचलली ते काम झालं, की चोर गाडी माळावर टाकून देतात. रस्त्यापासून किलोमीटरभर आत, वेड्या बाभळीच्या जाळीत. दाजींची स्प्लेंडर लग्नाच्या मांडवाबाहेरून गेली आणि ऐन पावसाळा असाच माळावर काढून नान्नजच्या बाजूला एका ओढ्यात सापडली. ती बाहेर काढायला आम्ही चौघं फेब्रुवारीत गेलो होतो. असल्या कामाला निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

सापडली ती मेंढरांमुळं. एका धनगर काकांची मेंढरं जाळीत शिरली, त्यांना हाकायला ते वाकले तर आत आरसा चमकला. त्यांनी गावच्या पोलीस पाटलांना सांगितलं. पाटील पुढं काय करायचं ते जाणणारे निघाले. नंबर प्लेट नव्हतीच, पण हँडलच्या मानेवरचा चेसी नंबर त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून वाचला, फोटो काढला आणि पोलीस ठाण्याला कळवलं. तुमच्या हाती अशी गाडी लागली तर हेच करा. चिखल सुकलेला असेल तर पाण्यानं भिजवा, पान्यानं किंवा दगडानं खरवडू नका. खरवडलेला आकडा पुढं मुद्दाम घासल्यासारखा दिसतो आणि मग त्यावरून वेगळाच घोळ होतो. दाजींनी सीटखालच्या पत्र्यावर मार्करनं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं, तेही पावसात टिकलं होतं. हे ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करावं, पाच मिनिटांचं काम आहे.

फोन आल्यावर दाजींचा पहिला विचार होता, चावी घेऊन जायचं आणि किक मारून आणायची. तसं करता येत नाही. चोरीची फिर्याद दाखल आहे म्हणजे ती गाडी मुद्देमाल आहे, मालकाची असली तरी. पोलिसांनी जागेवर पंचनामा करायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, ताब्यात घ्यायची आणि मग न्यायालयाच्या हुकमानं ती तुमच्याकडं यायची. शिवाय गाडी शहरातून गेली असेल आणि माळावर सापडली असेल, तर हद्दी दोन होतात. फिर्याद पोलीस आयुक्तालयातल्या ठाण्यात, गाडी ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. दोन्ही ठाण्यांना एकमेकांचं कळलंय की नाही हे आपणच फोन करून बघायचं. फिर्यादीची प्रत, आरसी बुक, विम्याची पॉलिसी आणि गाडीचा जुना फोटो असे चार कागद पिशवीत ठेवले की बोलणं लवकर संपतं. पंच म्हणून गावातली माणसं मिळाली तर उत्तम, आणि त्यांचा दिवस मोडतोय याचं भान ठेवावं.

दुसरी परवानगी वन विभागाची. नान्नजला 1979 पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळवीट आणि लांडगे आहेत. हे अभयारण्य सलग नाही, तुकड्या-तुकड्यांचं आहे. मध्येच कुणाचं रान, मध्येच गायरान, मध्येच वनखात्याची हद्द, आणि नवख्या माणसाला चालताना एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळतही नाही. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात विनापरवाना शिरता येत नाही, मग तुमची गाडी आत असो वा नसो. वनरक्षकांना आधी गाठा. आमची गाडी हद्दीच्या बाहेर निघाली, पण हे त्यांनीच सोबत येऊन सांगितलं, आणि ओढ्यात उतरायची वाटही त्यांनीच दाखवली. ट्रॅक्टर गवतात घालू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रास्त होतं.

आता रस्ता. सोलापूरहून बार्शी रोडनं नान्नज साधारण 20 किलोमीटर. उजाडायच्या आत निघालो. फेब्रुवारीतही अकरानंतर माळावर सावली म्हणून काही मिळत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये हे काम काढलं तर सकाळी नऊच्या आत उरकायला हवं. पावसाळ्यात तर नादच नको. माळाचा वरचा भाग मुरमाड, तिथं पाऊस पडला तरी चाक चालतं. पण ओढ्याकाठची काळी माती ओली असली की ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते, चाक फिरायचंच थांबतं आणि चार माणसांना गाडी घसपटत न्यावी लागते. पाऊस थांबून चांगलं ऊन पडून भेगा दिसायला लागल्या, मगच जावं. आमच्या वेळी ज्वारी काढणीला आली होती. बांधावरून जायचं, पिकातून नाही, आणि मालकाला विचारूनच. द्राक्षबागांच्या बाजूनं तारा असतात, त्यामुळं जवळची दिसणारी वाट पुष्कळदा बंद निघते.

वाटेत वनीकरणाचे चर लागतात. गवतात दिसत नाहीत. आम्ही जाताना प्रत्येक चरापाशी दगड रचून ठेवला, म्हणजे गाडी आणताना कुठं उचलायची ते आधीच माहीत. सोबत आणलेली जाड फळी इथंच कामाला आली.

गाडी ओढ्याच्या कडेला आडवी पडली होती, बाभळीच्या फांद्या चाकाच्या आऱ्यांतून वर आलेल्या. पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावला नाही. सह्या झाल्यावर आमच्यासोबत आलेल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी काठीनं आधी सीट वाजवली, मग साइड कव्हर वाजवलं. दगडाळ भागात फुरसं असतं, आणि बंद गाडीचा बॉक्स त्याला बरा वाटतो. फुरसं नव्हतं. बॅटरी नव्हती, कार्ब्युरेटर नव्हता, पुढचा दिवा नव्हता. सीटचा फोम उंदरांनी पोखरलेला, वायरिंगचा जुडगा चावीच्या खाली कापून दोन तारा पिळलेल्या. चोरांनी गाडी तशीच चालू केली असणार. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, अगदी बूच मारल्यागत घट्ट. मेस्त्री ते बघून हसले. म्हणाले, "दाजी, हिला किक मारली असती तर नुसता घाम निघाला असता बघा."

माझं मत विचाराल तर जागेवर चालू करायचा प्रयत्नच करू नये, कार्ब्युरेटर जागेवर असला तरीही. टाकीत कितीतरी महिन्यांचं पेट्रोल, त्यात पावसाचं पाणी उतरलेलं. तळाशी गंज. ते सगळं इंजिनात ओढून घेण्यापेक्षा गाडी ढकलून बाहेर काढणं स्वस्त पडतं.

पण ढकलायला चाक तरी फिरायला हवं. आमचं मागचं चाक जाम होतं. ड्रम ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटतात. अशा वेळी लाथा मारू नका. मागं ब्रेक रॉडच्या टोकाला जो नट असतो तो सोडवत पूर्ण मागं घ्यायचा, मग ड्रमवर सगळ्या बाजूंनी हलक्या हातानं लाकडी दांडक्याचे ठोके द्यायचे आणि चाक मागं-पुढं हलवायचं. आमचं असंच सुटलं. तेवढ्यानं सुटलं नाही तर चेनचं लॉक पक्कडीनं काढून चेनच उतरवायची, म्हणजे गिअर अडकला असला तरी चाक मोकळं होतं. हँडल लॉक चोरांनी तोडलेलं असतंच, त्यामुळं हँडलचा त्रास सहसा होत नाही.

दोन्ही ट्यूब गेलेल्या होत्या. पंक्चर काढत बसण्यात अर्थ नाही, एका चाकात आम्ही मोजायचे सोडून दिले इतके काटे. नवीन ट्यूब नेली असली तरी टायरच्या आतून हात फिरवून काटे काढल्याशिवाय घालू नका. आम्ही ट्यूब घातल्याच नाहीत, बसलेल्या टायरवरच ढकलली. अंतर थोडं आणि जमीन मुरमाची असेल तर चालतं. हातात चामडी हातमोजे आणि पायात जाड तळाचे बूट हवेतच. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार येतो, आणि टोचलेली जागा दोन दिवस ठणकते. कोयता, जाड दोर, पक्कड, पाने, प्लगचा पाना, हवेचा पंप आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी, एवढं सामान पुरतं. पेट्रोल न्यायचा खटाटोप नको. पंपावर बाटलीत देत नाहीत, आणि वर म्हटल्याप्रमाणं ते लागतही नाही.

स्प्लेंडरचं वजन 110 किलोच्या आसपास. चार माणसांना जड नाही, पण ओढ्याचा चढ चढवताना दोघं हँडलला, दोघं मागच्या कॅरिअरला असं धरावं. सायलेन्सर धरून उचलू नये, गंजलेला असेल तर हातात येतो. गाडीवाटेवर गावातल्या एका अण्णांनी ट्रॅक्टर-ट्रॉली आणून ठेवली होती. ट्रॉलीत चढवायला फळी पुरत नाही, उंची जास्त असते. ट्रॉली उलटी घेत बांधाला लावायची, म्हणजे बांध आणि ट्रॉलीचा तळ जवळजवळ एका पातळीत येतात आणि गाडी सरळ आत जाते. ही युक्ती अण्णांची. डांबरी रस्त्यावर आल्यावर छोटा हत्ती केला. दुसऱ्या गाडीनं टोचन करून नेऊ, असं एक भाचा म्हणत होता. "काय बे, ब्रेक कुठाय हिला?" एवढं विचारल्यावर गप्प बसला.

गाडी गेली ती ठाण्याच्या आवारात. तिथून सोडवायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज लागतो. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आल्यानं कलमं बदलली आहेत. चोरीचं जुनं 379 आता भारतीय न्याय संहितेत 303 झालं, आणि मुद्देमाल परत मिळवायचं जुनं 457 आता नागरिक सुरक्षा संहितेत 503. खटला न्यायालयात उभा राहिला असेल तर जुनं 451, म्हणजे आताचं 497. वाहनं ठाण्यात सडू देऊ नयेत, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन लवकर सोडावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे. वकिलांना ते पाठ असतं. सुपूर्दनामा लिहून द्यावा लागतो. बोलावलं तर गाडी हजर करायची, विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, अशा अटी त्यात असतात. म्हणून दाजींनी दिवा, बॅटरी, कार्ब्युरेटर नवे घातले, पण टाकीवरचा ओरखडलेला रंग तसाच ठेवलाय.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागतं. विम्याचं मात्र नीट बघा. पोलिसांच्या ‘अ’ समरीवर (म्हणजे चोरी खरी, पण तपास लागला नाही, असा अहवाल) कंपनीनं चोरीचा दावा मंजूर करून पैसे दिले असतील, तर नंतर सापडलेली गाडी तुमची राहत नाही, ती कंपनीची. अशा वेळी ठाण्याबरोबर कंपनीलाही लेखी कळवावं. दावा केला नसेल आणि पॉलिसीची मुदत मधल्या काळात संपली असेल, तर नवी काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, पीयूसीचंही तेच. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर पाटी, पुन्हा बनवायला फिर्यादीची प्रत मागतात, तेव्हा तिच्या दोन-तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा. आणि आरटीओच्या नोंदीत गाडी चोरीची म्हणून लागली असेल तर ती नोंद न्यायालयाचा हुकूम दाखवून काढून घ्या, नाहीतर नाकाबंदीत चावी काढून घेतील आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागेल.