आमची वाटचाल: वहीच्या शिलाईपासून रंगपेटीपर्यंत

तुमचा धंदा नेमका कशाचा, कागदाचा, लाकडाचा की खाण्याचा, असं बरेच जण विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. आम्ही घरी बसून हाताने काहीतरी करायची किट्स बनवतो, वही शिवायचं, कापड रंगवायचं, छोटं स्टूल जोडायचं, आणि त्यातल्या एकाही वस्तूत प्राण्यांपासून आलेलं काही नसतं. आम्ही म्हणजे मी आणि ताई. कागद, दोरा, रंग माझ्याकडे, लाकूड आणि वर्कशॉपच्या दिवशीचं जेवण ताईकडे. ताई आधीपासून व्हीगन, मी तिच्यामुळे झाले.

सुरुवात वह्यांची. प्रवासात लिहायला जी वही लागते ती पूर्ण सपाट उघडली पाहिजे, मांडीवर ठेवून चालत्या गाडीत लिहिता आलं पाहिजे, म्हणून आम्ही कॉप्टिक शिलाई घेतली. इजिप्तमधल्या कॉप्ट, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती, लोकांच्या जुन्या हस्तलिखितांची ही पद्धत, दुमडलेल्या कागदांच्या घड्या एकमेकींना साखळीसारख्या टाक्याने जोडायच्या आणि पाठीला गोंद लावायचाच नाही. लोकांना वह्या आवडल्या, पण त्याहून जास्त आवडलं ते आम्ही शिवताना बघणं, मला पण करायचंय, मला दाखवा ना. मग तयार वही विकण्यापेक्षा वहीचं सामानच देऊया असं ठरलं आणि किटचा धंदा सुरू झाला.

आणि मग एका ग्राहकाचा मेसेज आला, तुम्ही व्हीगन म्हणता, पण दोऱ्याला मेण कुठलं आहे? त्या एका प्रश्नाने आमचा सगळा धंदा बदलला, हे मी अगदी मनापासून सांगते. ताटात काय आहे ते आपण बघतो, पण कामाच्या टेबलावर काय आहे ते बघायची सवयच नसते. पुस्तकबांधणीच्या लिननच्या दोऱ्याला बहुतेक वेळा मधमाशांचं मेण असतं. सुतारकामातला जुना सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून केलेला गोंद. लाकडाला चमक देणारं शेलॅक लाखेच्या किड्यापासून येतं. वॉटरकलरच्या चांगल्या कागदाला पाणी पटकन शोषू नये म्हणून जिलेटिन, म्हणजे तेही जनावरांच्या कातडी-हाडांचंच, लावलेलं असतं, आणि हे सहसा पुड्यावर लिहिलेलंच नसतं, मागे लागून विचारावं लागतं. एका पुरवठादाराने तर आजपर्यंत कोणी विचारलंच नाही असं उत्तर दिलं.

मग एकेक वस्तू बदलायला घेतली. दोऱ्याला मेण लागतंच, त्याशिवाय दोरा गुंततो आणि गाठ सरकते. झाडाची मेणं दोन मिळाली, कार्नौबा, जे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं, आणि कँडेलिला, जे मेक्सिकोकडच्या एका झुडपाचं. दोन्ही मधमाशांच्या मेणापेक्षा कडक, कार्नौबा तर ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळतच नाही, नुसतं लावलं तर दोऱ्यावरून भुगा होऊन पडतं. म्हणून कँडेलिला जास्त, कार्नौबा अगदी थोडं आणि मऊपणासाठी वनस्पती तेल, असं मिश्रण करून वड्या पाडतो. बोटाच्या उबेने वडी किंचित चिकट झाली पाहिजे, दोरा दोनदा ओढला की त्यावर पातळ थर बसला पाहिजे, एवढीच आमची परीक्षा, आणि प्रत्येक घाणा त्या परीक्षेतून जातो.

गोंदाची गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. वहीच्या पुठ्ठ्यावर कागद चढवायला गोंद हवाच, घरी करायचं असेल तर गव्हाच्या स्टार्चची खळ उत्तम, पण प्रवासाच्या किटचं काय? विमानात हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही, २००६ पासून हा नियम आला, आणि बाटली फुटली की कपडे खराब ते वेगळंच. तेव्हा मला मिथाइलसेल्युलोज सापडलं. झाडांच्या तंतूंपासून केलेली पांढरी पावडर, थंड पाण्यात रात्री भिजत घातली की सकाळी पारदर्शक गोंद तयार. जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे लोक ते वापरतात कारण पुढे कधी सोडवायचं झालं तर पाण्याने सुटतं. फार मजबूत नाही, पण कागदाला पुरतं.

हे मी ताईला उत्साहाने दाखवायला गेले तर ती म्हणाली, अगं हे तर माझ्या डब्यात आहे! व्हीगन बर्गरची टिक्की तव्यावर सुटू नये म्हणून हीच पावडर घालतात. जिलेटिन गरम केलं की पातळ होतं, गार झालं की घट्ट, आणि हिचं बरोब्बर उलटं, गरम झाली की घट्ट होते आणि गार झाली की परत सैल. म्हणून तव्यावर टिक्की धरून राहते. माझ्या टेबलावरचा गोंद आणि तिच्या तव्यावरची टिक्की एकाच पावडरीची, आम्ही दोघी त्या दिवशी जाम खूश होतो. (खायची पावडर फूड ग्रेडचीच घ्या, भिंतीला कागद चिकटवायच्या गोंदातही हीच पावडर असते, पण त्यात बुरशीनाशक असू शकतं, ते स्वयंपाकघरात अजिबात आणायचं नाही.)

प्रवासाच्या किटमध्ये कात्री किंवा ब्लेड आम्ही टाकतच नाही, कारण विमानात कुठल्या मापाची कात्री चालते ते देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतं. कागद कापून, भोकं पाडून, दोरा मापात तोडूनच देतो, सुई बोथट टोकाची. कागद कापताना मात्र एक गोष्ट आम्ही कधीच सोडत नाही, ती म्हणजे कागदाची ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेला झोपलेले असतात आणि ओल लागली की ते लांबीत नाही तर जाडीत फुगतात, म्हणून ग्रेन पाठीला समांतर नसेल तर वही लाटेसारखी वाकते, नीट मिटत नाही. बघायचं कसं, तर कागद न मोडता हलकेच दुमडा, मग आडवा करून दुमडा, ज्या बाजूने कमी जोर लागतो ती घडी ग्रेनला समांतर. वर्कशॉपमध्ये हे हाताला कळतं ना तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, इतकी वर्षं कागद हाताळला आणि हे माहीतच नव्हतं असं सगळेच म्हणतात.

वर्कशॉपचं जेवण हे आधी नुसतं सोय म्हणून होतं, आता काही जण त्यासाठीच येतात. पुठ्ठे वजनाखाली दाबून ठेवले की वाळेपर्यंत वेळ असतो, त्या वेळात ताई मेरँग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेला कुरकुरीत गोड पदार्थ, करायला शिकवते, आणि तोही अंड्याशिवाय. काबुली चणे उकडलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट करायचं आणि फेटायचं. हे फेसाळतं हे फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी नुसतं हे पाणी आणि साखर घेऊन मेरँग जमवून दाखवलं. भांड्याला तेलाचा अंशही नको, नाहीतर फेस बसतो. पाच-दहा मिनिटं मशीनने फेटलं की भांडं उलटं केलं तरी फेस हलत नाही, मग साधारण १०० अंशांवर दीड-दोन तास भाजायचं. वह्यांचे पुठ्ठे आणि मेरँग बहुतेक वेळा एकदमच तयार होतात.

कापड रंगवायच्या किटमध्येही स्वयंपाकघर आलंच. कांद्याच्या सालींचा पिवळा-केशरी रंग लोकर-रेशमावर सहज चढतो, पण ते दोन्ही प्राण्यांचं, आणि सुती कापडावर तोच रंग धरत नाही. मग सुती कापड आधी पातळ सोया दुधात बुडवून वाळवायचं, त्यातलं प्रोटीन तंतूंवर बसतं आणि रंगाला धरायला जागा मिळते, पुढे तुरटी. एकाच रंगाच्या पाण्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडली की पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो, तो क्षण मला अजूनही दरवेळी नवा वाटतो. रंगाची भांडी मात्र वेगळीच ठेवा, जेवणाची नकोत.

ताईच्या लाकडाच्या किटमध्ये सरसाऐवजी पीव्हीए, म्हणजे सुतारकामातला पांढरा गोंद, आणि शेलॅकऐवजी टंग झाडाच्या बियांचं किंवा जवसाचं तेल. जवसाच्या तेलाचं एक फार महत्त्वाचं, जे आम्ही किटवर मोठ्या अक्षरात छापतो: तेल पुसलेला कपडा चुरगाळून टाकायचा नाही. ते तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा करून ठेवलेला कपडा आपोआप पेटू शकतो. बाहेर मोकळा पसरून पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

पीव्हीए म्हणजे प्लास्टिकच की, मग व्हीगन म्हणून काय उपयोग, हा प्रश्नही येतो आणि तो बरोबर आहे. व्हीगन आहे म्हणून आपोआप पर्यावरणाला चांगलंच असं आम्ही कुठेही लिहीत नाही. जिथे खळीने काम होतं तिथे खळ, जिथे सांध्यावर माणूस बसणार आहे तिथे पीव्हीए, आणि काय वापरलंय ते प्रत्येक किटवर पूर्ण लिहिलेलं. हे लिहिणं आम्हाला जाहिरातीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. धंदा वाढला तो या यादीमुळेच, असं माझं ठाम मत आहे. जागतिक व्हीगन दिनाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, आसपास ऑर्डरी वाढतात, बाकी वर्षभर हळूहळू पण रोज चालू असतं.

सध्या टेबलावर प्रवासाची रंगपेटी आहे. वॉटरकलरमध्ये रंग धरून ठेवणारा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा, तो प्रश्न नाही, पण काही कंपन्या वडी ओलसर राहावी म्हणून मध घालतात, काहींत बैलाचं पित्त असतं, आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग हाडांच्या कोळशाचा. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीबीके ९ असा लिहिलेला असेल तर तो तोच, म्हणून आम्ही पीबीके ११, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा घेतलाय, थोडा खरखरीत बसतो पण ढगांना सुंदर दिसतो. मधाऐवजी वनस्पतीचं ग्लिसरीन, कागद स्टार्च लावलेला. ब्रश अजून ठरलेला नाही, सिंथेटिकमध्ये पाणी धरून ठेवणारा आणि टोक टिकवणारा हवाय, दोन नमुने भिजवून ठेवलेत, ताई रोज एकेकाने रंगवून बघते आणि तिचा होकार आला की पेटी विक्रीला येईल.