त्या गांधीलमाश्या मी मारत का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुलैत आमच्या न्यू जर्सीच्या घरी जो येतो तो पायरीपाशी थबकतो. "अगं, केवढ्या या गांधीलमाश्या! फवारा मारून टाक ना." 2020 साली 'मर्डर हॉर्नेट'च्या बातम्या आल्या, तेव्हा एक मावशी गाडीतून उतरेचनात. ती गांधीलमाशी निघाली होती पार तिकडे वॉशिंग्टन राज्यात. आमच्याकडची वेगळी, सिकाडे (झाडावर बसून कर्कश ओरडणारे मोठे किडे) धरणारी.

अंगावर चाल करून येतात ते नर. त्यांना नांगीच नसते, नुसता रुबाब. मादीला असते, पण हातात धरली किंवा पायाखाली आली तरच ती डसायची.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मेपलवर एक सिकाडा ठणाणा ओरडत होता. मिक्सर मध्येच बंद करावा तसा गप्प झाला आणि धप्पकन गवतात पडला, माशी त्याला बिलगलेली. त्याचं वजन तिच्या दुपटीला सहज गेलं असतं. एवढं ओझं घेऊन जमिनीवरून उडता येईना, म्हणून ती त्याला ओढत खोडावर चढली आणि वरून बिळाच्या दिशेनं झेपावली. वाटेतच उतरली. पुन्हा फरफटत पुढचं झाड. मी बघत राहिले आणि आत तीन शिट्ट्यांची डाळ सात शिट्ट्यांवर गेली.

डंखानं सिकाडा मरत नाही, लुळा पडतो, म्हणून बिळात ताजा राहतो. त्याच्यावर ती अंडं घालते. मुलगा व्हायचा असेल तर एक सिकाडा, मुलगी असेल तर दोन, कधी जास्त. पुढे ओझी तिलाच वाहायची असतात ना! (मुलीच्या पानात जास्त वाढणारी आई माणसांत मी फारशी पाहिली नाही.) अळी आतलं सगळं खाते, कोष विणते आणि बर्फाखाली हिवाळा काढून पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन बाहेर येते.

आजी सांगायची, कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याशी गुणगुणते आणि अळीचीच कुंभारीण होते. अळी बिचारी शिदोरी असते, हे मला इथल्या पायरीवर बसून कळलं.

तुमच्या अंगणात नकोच असतील, तर उघड्या, भुसभुशीत मातीवर दाट गवत वाढू द्या. तिथं त्या सहसा बीळ करत नाहीत. मी मात्र पायरीजवळ हातभर जागा मोकळी ठेवलीय. येताना चपला घालून या.