राजाराम बंधाऱ्याकडची लाईन

मी कोल्हापुरात वीज वितरणाच्या कामात शाखा अभियंता आहे. उन्हाळ्यात आमच्या कामाचा खरा जोर संध्याकाळी सातच्या पुढे असतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली माणसे परततात, घरोघरी एसी आणि कूलर एकाच सुमारास सुरू होतात, आणि डीपीमधले, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरमधले, तेल दुपारच्या उन्हाने आधीच तापलेले असल्यामुळे तिला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. फ्यूज जाणे, केबल जळणे, वळवाच्या वाऱ्याने फांदी पडणे हे सगळे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. तरीही या मे महिन्यातली एक संध्याकाळ मला सविस्तर लिहून ठेवाविशी वाटते, कारण त्या संध्याकाळी मला माझ्याच लाईनबद्दल एक गोष्ट नव्याने कळली.

सूर्य मावळून फार वेळ झाला नव्हता. उपकेंद्रातून यंत्रचालकाचा फोन आला की कसबा बावड्याच्या बाजूचा ११ के.व्ही. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून त्या भागाला वीज नेणारी लाईन, ट्रिप होऊन बंद पडला आहे आणि बिघाड ओळखणाऱ्या रिलेवर अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीत जात असल्याचे, दाखवतो आहे. त्याने नियमाप्रमाणे एकदा चालू करून पाहिला, पण फीडर टिकला नाही. याचा अर्थ बिघाड क्षणिक नव्हता. तारेला जमिनीचा मार्ग देणारी एखादी वस्तू अजून तिथेच होती. आम्ही मधला एबी स्विच, म्हणजे खांबावरून लाईन तोडणारा स्विच, उघडून फीडरचे दोन भाग केले. शहराकडचा भाग चालू झाला, तो टिकला, आणि बहुतेक कॉलन्यांत लाईट आली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे, उसाच्या रानातून जाणारा भाग मात्र बंद ठेवावा लागला. त्या भागात घरे थोडी आहेत, पण अंधार थोड्या घरांत असला म्हणून तो कमी होत नाही.

पेट्रोलिंगला निघालो तेव्हाच त्या भागातल्या एका घरातून फोन आला. बोलणारी सून होती. तिच्या सासऱ्यांना फुफ्फुसांचा जुना आजार असून ते घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. "मॅडम, मामंजींचं मशीन इन्व्हर्टरवर लावलंय, पण किती वेळ चालंल काय कळंना," असे ती म्हणाली तेव्हा तिच्या मागे कोणीतरी जोरजोरात पंख्याने वारा घालत असल्याचा आवाज येत होता. हे यंत्र खोलीतली हवा आत घेते, तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून पुढे देते. त्याच्यात साठा असा काहीच नसतो, त्यामुळे वीज गेली की ऑक्सिजनही त्याच क्षणी थांबतो. मी बॅटरीवरचा आकडा वाचून दाखवायला सांगितले. ती १५० एएच क्षमतेची होती. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे यंत्र साधारण साडेतीनशे वॅट घेते, म्हणजे बॅटरी धड असेल तर तीनेक तास निघतात, पण त्यासाठी बाकीचा सगळा भार उतरवावा लागतो. मी तिला टीव्ही, वायफाय आणि दुसऱ्या खोलीतला पंखा बंद करायला लावले, सासऱ्यांच्या डॉक्टरांना आताच फोन करून ठेवायला सांगितले आणि घरात छोटा सिलिंडर आहे का ते विचारले. सिलिंडर नव्हता. धाकटा दीर तो आणायला गावात गेला होता. त्यानंतरचे सगळे काम मी त्या बॅटरीकडे लक्ष ठेवूनच केले.

आमच्याबरोबर जे ज्येष्ठ वायरमन होते त्यांना सगळे तात्या म्हणतात. पाणंदीच्या कडेने टॉर्च मारत जाताना तात्या तारांकडे कमी आणि खांबांच्या डोक्याकडे जास्त पाहतात. फॉल्ट बहुतेक खांबावरच असतो, हा त्यांचा अनुभव आहे. बंधाऱ्याच्या अलीकडे एक मोठे आंब्याचे झाड आहे आणि त्याच्या जवळच कट पॉइंटचा, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जिथे येऊन थांबतात तो, खांब आहे. तिथे तात्यांचा टॉर्च थांबला. खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्टीखाली, म्हणजे क्रॉस आर्मखाली, एक मोठे वटवाघूळ लटकलेले होते. त्याचा एक पंख जंपरवर, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जोडणाऱ्या तारेच्या तुकड्यावर, पसरलेला होता आणि पाय लोखंडी क्रॉस आर्मला घट्ट धरलेले होते. जळालेल्या केसांचा वास खालपर्यंत येत होता.

कोल्हापूरकरांना हे प्राणी अनोळखी नाहीत. टाऊन हॉलच्या बागेतल्या उंच झाडांवर त्यांची वस्ती आहे आणि दिवेलागणीला ती मोठी फळभक्षी वटवाघळे शहरावरून वेगवेगळ्या दिशांना पांगताना दिसतात. उन्हाळ्यात त्यांतली काही नदीकडे येतात. बंधाऱ्यावर उभे राहिले तर ती पाण्याला पोट घासत जाताना दिसतात, आणि मग झाडावर बसून पोटावरचे ओले केस चाटून तहान भागवतात. त्यांच्या पंखांचा पसारा सव्वा मीटरपर्यंत किंवा त्याहून जास्त भरतो. आमच्या तारांमधले अंतर जेमतेम मीटरभर असते आणि कट पॉइंटवर तर जंपर लोखंडापासून वीतभर अंतरावरून जातो. एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिच्या शरीरातून वीज दुसरीकडे जायला वाट नसते. वटवाघूळ मात्र लोखंडाला लटकून पंख पसरते आणि स्वतःच ती वाट होते. त्याच्या पायांतल्या स्नायुरज्जूंची रचना अशी असते की शरीराच्या वजनाने बोटे आपोआप अडकून बसतात, त्यामुळे मेल्यावरही ते खाली पडत नाही. आमचा फीडर पुन्हा चालू केल्यावर का टिकला नाही, याचे उत्तर तिथेच होते.

लाईन बंद आहे हे माहीत असले तरी परमिट, म्हणजे बंद लाईनवर काम करण्याची उपकेंद्राची परवानगी, घेतल्याशिवाय कोणी खांबावर चढत नाही, आणि चढू नये. उपकेंद्राकडून परमिट घेतले, एबी स्विचला कुलूप लावले, डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारांतली उरलीसुरली वीज जमिनीत उतरवली आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केले. मग तात्या कंबरेला पट्टा बांधून वर गेले. वरून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "मॅडम, बांबूनं ढकलू का खाली?" मी होकार देणार तोच त्यांचा आवाज बदलला. "थांबा, थांबा. पोटाला काय तरी वळवळतंय. पिल्लू हाय. जित्तं हाय."

या वटवाघळांना बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. पहिले काही आठवडे मादी त्याला छातीशी घेऊन उडते; पिल्लू काखेजवळच्या स्तनाला तोंडाने आणि केसांना नखांनी इतके घट्ट धरून असते की उड्डाणातही सुटत नाही. आईवरून वीज गेल्यावरही त्याने पकड सोडली नव्हती.

त्या घटकेला माझ्यापुढे दोन जीव होते, आणि कोणाचे महत्त्व किती याचा हिशेब मी मनात केला. मी पुन्हा त्या घरी फोन लावला. बॅटरी अजून भरलेली दाखवत होती आणि दीर सिलिंडर घेऊन वाटेवर होता. पिल्लाला नीट उतरवायला लागणारी दहा-पंधरा मिनिटे आम्हाला परवडणार होती. तसे नसते तर मी आधी लाईट दिली असती, आणि ते मला इथे स्पष्ट लिहावेसे वाटते.

एव्हाना जवळच्या वस्तीतली दहा-बारा माणसे जमली होती. एक आजोबा म्हणाले की हा प्राणी अपशकुनी असतो, त्याला घराजवळ उतरवू नका. एका मुलाने सुचवले की तात्यांनी रबरी हातमोजे घालून पिल्लू सरळ हातात धरावे. सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण ती मान्य करण्यासारखी नव्हती. वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचे नाही हे खरे. त्याच्या चाव्यातून रेबीजचा धोका असतो, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले होते. मात्र आमचा रबरी हातमोजा हे वायरमनचे प्राण वाचवणारे साधन आहे. तो घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत नेऊन आत हवा कोंडायची आणि बोटे गालाजवळ धरून कुठे बारीकशी फुंकर लागते का ते पाहायचे, हा रोजचा नियम आहे. पिल्लाचे दुधाचे दात आकड्यासारखे वाकडे आणि टोकदार असतात. त्यांतला एक जरी त्या रबरात रुतला तरी सुईच्या टोकाएवढे भोक पडते, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या वेळी तो हातमोजा घालणारा माणूस फसतो.

शेवटी जीपमधले वेल्डिंगचे चामडी हातमोजे काढले. वस्तीतल्या एका बाईंनी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणून दिला. तात्यांची हत्यारांची पिशवी रिकामी करून त्यात तो कपडा अंथरला आणि दोरीने वर पाठवला. तात्यांनी आधी मेलेल्या मादीचे पाय एकेक बोट सोडवत मोकळे केले, मग आई आणि पिल्लू एकत्रच पिशवीत घेतले, कारण ओढून वेगळे केले असते तर पिल्लाला इजा झाली असती. पिशवी खाली आली तेव्हा मी टॉर्चचा उजेड बाजूला धरून पाहिले. मुठीहून थोडे मोठे अंग, काळपट केस, उघडे डोळे, आणि अंगठ्याचे नख कपड्याच्या धाग्यात अडकलेले. कपड्याची जाड गुंडाळी जवळ नेल्यावर त्याने थोड्या वेळाने आईला सोडून ती धरली.

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर आमच्या तरुण सहकाऱ्याने फोन लावला होता. तिथून एका पशुवैद्यकांशी बोलणे झाले. त्यांनी बजावले की दूध अजिबात पाजू नका, पिल्लू कपड्याला लटकू द्या, अंधारात आणि शांत जागी ठेवा. आम्ही तेवढेच केले. आजोबांशीही मी दोन शब्द बोलले. जुन्या कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांची गणना उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांत होत असे; वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. वड, उंबर, जांभूळ यांच्या बिया दूरवर नेऊन टाकण्याचे काम हीच वटवाघळे करतात. आजोबांना कायद्याचे फारसे पटले नाही, पण जांभळाचे पटले. त्यांच्या बांधावरचे जांभूळ कोणी लावलेले नव्हते.

वर तात्यांचे काम सुरूच होते. तार लोखंडापासून वेगळी ठेवणाऱ्या पिन इन्सुलेटरला ठिणगीने काळा पट्टा पडून बारीक तडा गेला होता आणि जंपरची बाइंडिंग जळाली होती. इन्सुलेटर बदलला, बाइंडिंग नवी केली, अर्थिंग काढले, सगळी माणसे खाली आहेत हे मोजून परमिट परत केले आणि लाईन चालू करायला सांगितले. ती टिकली. लगेच मी त्या घरी फोन केला. सूनबाईंनी फोन उचलून आधी यंत्राचा आवाज ऐकवला आणि मगच बोलल्या.

उपकेंद्रात परतलो तेव्हा माझे यजमान मुलाला घेऊन डबा द्यायला आले होते. शाळेला सुट्टी असल्याने त्याला रात्रीचा धाक नव्हता. पिशवीपासून दूर उभा राहून त्याने विचारले, "आईला शॉक बसला, मग पिल्लाला कसा नाही बसला?" मी जेवता जेवता त्याला समजावले की वीज जंपरवरून पंखात, तिथून शरीरातून पायांत आणि लोखंडात गेली, पिल्लू फक्त आईला धरून होते, त्याच्या अंगातून पुढे जायला विजेला वेगळी वाट नव्हती, आणि ब्रेकरने निमिषार्धात पुरवठा तोडला. त्याने लगेच कागदावर आकृती काढून मागितली. थोड्या वेळाने वनविभागाचे पथक आले आणि पिल्लू घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा ते खाद्य घेऊ लागल्याचे त्यांनी कळवले.

त्या आठवड्यात मी फीडरचे ट्रिपिंग रजिस्टर काढून मागच्या उन्हाळ्यांच्या नोंदी वाचल्या. "कारण आढळले नाही, चालू केल्यावर टिकला" अशा शेऱ्याच्या बऱ्याच नोंदी एकतर दिवेलागणीच्या सुमाराच्या किंवा पहाटेच्या होत्या, आणि त्या आंबे पिकण्याच्या दिवसांत दाट होत्या. वटवाघळे निघतात आणि परततात त्याच या वेळा. प्रत्येक वेळी तेच कारण असेल असे मी म्हणणार नाही, पण बंधाऱ्याकडच्या त्याच टप्प्यावर हे वारंवार घडावे हा योगायोग मला वाटत नाही.

मान्सूनपूर्व देखभालीच्या कामात आम्ही आंब्याजवळच्या कट पॉइंटच्या जंपरना इन्सुलेटेड स्लीव्ह चढवल्या. बंधाऱ्यापर्यंतच्या खांबांसाठी आच्छादित तारेचे अंदाजपत्रक तयार करून वरिष्ठांकडे पाठवले, आणि त्यात रजिस्टरमधल्या नोंदींचा तक्ता जोडला. त्याच सुमारास तात्यांनी घरोघर फिरून या फीडरवर ऑक्सिजन यंत्र वापरणारी घरे कोणती, त्यांच्याकडे इन्व्हर्टर किती क्षमतेचा आणि सिलिंडर आहे का, याची यादी केली. ती यंत्रचालकाच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे, म्हणजे फीडर गेला की पहिला फोन त्या घरांना आपल्याकडूनच जाईल.