लॅबोरेटरी ॲनिमल सायन्सला अर्ज करण्याआधीची वही

सातारा-सांगलीकडची बीएस्सी, बीफार्म, बीव्हीएस्सी झालेली मुलं या विषयाच्या मास्टर्सला अर्ज करायचं ठरवतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टोफेल द्यायची की आयईएलटीएस, आणि किती स्कोअर लागतो? हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. इंग्रजीची तयारी दीड-दोन महिन्यांत होते. ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काढलेले सहा महिने कुठल्या क्लासला विकत मिळत नाहीत, आणि अर्ज वाचणारे आधी तेच शोधतात.

विषय नेमका काय आहे हेही बऱ्याचदा नीट समजून घेतलेलं नसतं. प्रयोगासाठीच्या प्राण्यांची पैदास, निगा, आजार, भूल, वेदना ओळखणं, कायदा आणि ॲनिमल हाउस चालवणं हा याचा गाभा. औषध शोधणं हा फार्माकॉलॉजीचा विषय झाला. ‘मला कॅन्सरवर औषध शोधायचं आहे’ असं लिहून इथे अर्ज केला, तर वाचणाऱ्याला वाटतं, हा मुलगा चुकीच्या दारात उभा आहे.

आता मुख्य अडचण. यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतलं विच्छेदन आणि प्राण्यांवरचे प्रयोग थांबवले. बीफार्मचे प्राण्यांवरचे प्रयोगही आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या सिम्युलेशनवर होतात. निर्णय योग्यच आहे, पण त्यामुळे पदवी हातात येईपर्यंत अनेकांनी जिवंत उंदीर कधी धरलेला नसतो. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांचा हात बसलेला असतो, पण तो गाई-म्हशी-शेळ्यांवर. माईसची, म्हणजे प्रयोगातल्या छोट्या उंदरांची, कॉलनी ही वेगळीच गोष्ट आहे.

म्हणून कराड, मिरज, सांगली, साताऱ्यातल्या फार्मसी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करताना एकच प्रश्न विचारा: तुमच्या ॲनिमल हाउसची सीसीएसईएकडे नोंदणी आहे का? सीसीएसईए म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्राची समिती. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी लागते आणि ती फॉर्म बी भरून मागितली जाते. प्रयोगात हात घालणार असाल तर त्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या मंजूर आराखड्यात, तुमचं नाव असलं पाहिजे. एखादे सर ‘ये, दोन इंजेक्शनं देऊन बघ’ म्हणाले आणि प्रोटोकॉलमध्ये नाव नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा. असं काम अर्जात लिहिलं की तुमच्या बाजूने बोलण्याऐवजी ते तुमच्यावरच उलटतं. साफसफाई, बेडिंग (पिंजऱ्यातलं अंथरूण) बदलणं, वजनं घेणं, पैदाशीच्या नोंदी ठेवणं अशी रोजची निगा मागा. सुरुवातीला एवढं मिळालं तरी खूप आहे. हैदराबादला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल ॲनिमल रिसोर्स फॅसिलिटी आहे. तिथल्या प्रशिक्षणाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

पहिल्या दिवसापासून एक वही घाला. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पानांवर आकडे टाकलेली. रकाने असे आखा: तारीख, प्रोटोकॉल नंबर, जात आणि स्ट्रेन (त्या जातीतला वंश), नर की मादी, संख्या, काय काम केलं, किती वेळ, काय वेगळं दिसलं, देखरेख करणाऱ्यांची सही. सही त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी एकदम सह्या घेतलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडे एकच शाई असते. चूक झाली तर एक रेघ मारा आणि बाजूला सही करा, व्हाइटनर लावू नका. फोटो मात्र काढू नका. प्राण्यांचे फोटो संस्थेच्या परवानगीशिवाय बाहेर जाणं हा गंभीर विषय आहे, आणि अर्जाला फोटो जोडणाऱ्याबद्दल चांगलं मत होत नाही.

‘काय वेगळं दिसलं’ या रकान्यातच सगळा जीव आहे. समजा, माऊस धरायला शिकताय. शेपटी टोकाला धरून ओढली तर तिथली कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते, म्हणून धरायची ती बुडाशी. उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवला की तो पुढच्या पायांनी जाळी पकडून पुढे ओढ घेतो. त्याच क्षणी अंगठा आणि तर्जनीत मानेमागची सैल कातडी कानांच्या जवळून घ्यायची. लांबून घेतली तर तो मान वळवून चावतो. जास्त आवळली तर श्वास अडतो, नाकाचा आणि पंजांचा गुलाबी रंग निळसर पडायला लागतो. तसं दिसलं की लगेच सोडायचं. पिंजऱ्यातून उचलण्यापुरती तर शेपटी धरूच नये, हे आता मान्य झालेलं आहे. जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले माईस शेपटीने उचललेल्यांपेक्षा कमी घाबरतात. तुमच्या ॲनिमल हाउसमध्ये शेपटीनेच उचलत असतील, तर कुणावर टीका न करता वहीत नोंद करा आणि पुठ्ठ्याची नळी वापरून बघायची परवानगी मागा.

ॲलर्जीचं आधीच सांगतो. उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांमुळे शिंका, डोळ्यांना खाज आणि पुढे दमाही होऊ शकतो. पहिल्या दिवसापासून नीट बसणारा मास्क, हातमोजे आणि ॲप्रन. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या.

अर्जातलं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हे का शिकायचं ते सांगणारं टिपण, या वहीतूनच निघतं. ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे अर्ज ढिगाने येतात, त्यातला एकही लक्षात राहत नाही. त्याऐवजी एक खरा प्रसंग घ्या आणि त्याचं कारण सांगा. पावसाळ्यात साताऱ्याकडे हवा दमट असते. बेडिंग लवकर ओलं होतं, विष्ठेतले जिवाणू लघवीतला युरिया फोडतात आणि अमोनिया सुटतो. पिंजऱ्यात दाटी असेल तर दोन दिवसांतच नाकाला झोंबतो. तुमच्या नाकाला कळण्याआधी उंदराच्या नाकाला त्रास सुरू झालेला असतो, कारण तो बेडिंगवरच झोपतो. बेडिंग भाताच्या तुसाचं आहे की मक्याच्या कणसाच्या चुऱ्याचं, किती दिवसांनी बदलायचे, बदलण्याचं अंतर कमी केल्यावर काय फरक पडला, हे आकड्यांसह चार ओळींत लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस पिंजऱ्याजवळ उभा राहिलेला आहे. बेडिंग रोज बदलणंही बरोबर नाही, हेही लिहा. पिल्लं झालेल्या मादीचा घरटं म्हणून ओळखीचा झालेला वास गेला की ती अस्वस्थ होते, कधी पिल्लंही खाते.

उन्हाळ्याचंही तसंच. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत खोलीचं तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के दिलेली आहे. अमेरिकेत वापरतात त्या सूचनांत माईस आणि रॅटसाठी (मोठ्या उंदरांसाठी) २० ते २६ अंश, सशासाठी १६ ते २२. एप्रिलमध्ये सांगलीची दुपार चाळिशीला टेकते. त्यात वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला तर काय होतं? रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाला लाळ लावतो. सलग उष्म्याने नरांची प्रजननक्षमता घटते, मग महिन्याभराने पिल्लं कमी का झाली हे कुणाला उमजत नाही. रोजचं कमाल-किमान तापमान आणि पैदाशीचं रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलंत, तर या विषयाचा पहिला धडा तुम्ही स्वतःच शिकलात.

सांगलीच्या मुलांकडे आणखी एक विषय आहे आणि तो ते वापरत नाहीत, याची मला खंत वाटते. कृष्णेचा पूर. २००५, २०१९, २०२१. ॲनिमल हाउसला आपत्ती आराखडा असावा ही अमेरिकेतल्या सूचनांमधली स्पष्ट अपेक्षा आहे. पाणी चढायला लागलं तर कुठले पिंजरे आधी वरच्या मजल्यावर न्यायचे, पैदाशीच्या जोड्या कुणाच्या ताब्यात, खाद्याची पोती जमिनीपासून किती उंच, जनरेटर तळघरात आहे का, रस्ता बंद झाला तर चालत पोचू शकेल असा माणूस कोण, आणि प्राणी हलवणं अशक्य झालं तर निर्णय कोण घेणार. तुमच्या संस्थेच्या इमारतीसाठी असा दोन पानी आराखडा तयार करून प्रमुखांना दाखवा. त्यांनी तो स्वीकारला तर उत्तमच, नाही तरी मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे खरं काही असेल.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन लागतात. त्यातलं एक तरी ॲनिमल हाउसच्या प्रमुखांचं किंवा पशुवैद्यकांचं असावं. प्राचार्यांचं पत्र वजनदार दिसतं, पण त्यांनी तुम्हाला पिंजरा धुताना पाहिलेलं नसतं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर वहीतल्या दहा नोंदींची यादी द्या आणि त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायची विनंती करा. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी असेल तर ते वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. पत्रं संस्थेच्या ईमेलवरून जाऊ द्या. ज्यांचा ईमेल वर्षानुवर्षं बंद पडलेला आहे, त्यांना दोन महिने आधी तो सुरू करून घ्यायला सांगा.

कागदपत्रांत आपल्याकडची हमखास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, स्पेलिंग वेगळं. अर्ज, इंग्रजीची परीक्षा आणि बँकेची कागदपत्रं या सगळ्यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव ठेवा आणि गुणपत्रिकेतल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) कुठे जायचं हे तुमच्या विद्यापीठावर ठरतं. शिवाजी विद्यापीठ असेल तर कोल्हापूर, पशुवैद्यकीय असेल तर नागपूरचं माफसू, फार्मसीवाल्यांपैकी अनेकांचं लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, अभिमत विद्यापीठांचं त्यांच्याकडेच. डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाने थेट पाठवावं लागतं. तुम्ही स्वतः पाठवलेलं चालत नाही, आणि इथेच महिने जातात. तीन वर्षांची बीएस्सी काही अमेरिकी विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत, म्हणून फी भरण्याआधी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. बीफार्म आणि बीव्हीएस्सीला ही अडचण सहसा येत नाही.

कुठे अर्ज करायचा? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात याच नावाची मास्टर्स आहे. जर्मनीत आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात आहे, पण तो अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. विद्यार्थी व्हिसावर तो चालेल का, हे आधी विचारा. जर्मनीसाठी भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. पशुवैद्यक नसलेल्यांनी एक गैरसमज काढून टाकावा: ही पदवी घेऊन लॅबोरेटरी ॲनिमल व्हेट होता येत नाही. फॅसिलिटी मॅनेजर, कॉलनी मॅनेजर, प्रशिक्षक किंवा नैतिकता समितीच्या कार्यालयातली कामं या वाटा खुल्या होतात.

मुलाखत व्हिडिओवर असते आणि साधे प्रश्न विचारतात. २५ ग्रॅमच्या माऊसमधून एका वेळी किती रक्त घ्याल? किलोला साधारण ७२ मिली धरलं तर त्याच्या अंगात १.८ मिली रक्त, त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत म्हणजे ०.१८ मिली, आणि पुढच्या वेळेआधी भरून यायला किमान दोन आठवडे. दुसरा हमखास प्रश्न: सकाळी पिंजऱ्यात एक माऊस पाठ वाकवून, केस पिंजारून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलाय, काय कराल? ‘सरांना सांगेन’ हे उत्तर अर्धं आहे. आधी लांबून पाहायचं, पिंजरा हलवायचा नाही. श्वास कसा चाललाय, इतर माईस त्याला चावतात का, पाण्याच्या बाटलीची नळी तुंबली आहे का, हे बघायचं. मग वजन करून कालच्या नोंदीशी ताडायचं आणि प्रोटोकॉलमधला ह्युमेन एंडपॉइंट, म्हणजे प्राण्याचा त्रास कुठे थांबवायचा याची आधीच ठरवलेली मर्यादा, उघडायचा. अनेक प्रोटोकॉलमध्ये तो सुरुवातीच्या वजनात २० टक्के घट असा असतो. लगेच पशुवैद्यकांना फोन, कार्डावर वेळ आणि सही. आणि बाटली तुंबलेली निघाली, तर त्या रॅकवरची प्रत्येक बाटली उलटी धरून थेंब पडतो का ते पाहायचं.