गडहिंग्लजची बॅकअप लाइन गप्प बसेना

"साहेब, लीज लाइन महिनाभर एकदा बी पडली न्हाई. मग गडहिंग्लजचं आयएसडीएनचं बिल एवढं कशानं आलं?" कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका सहकारी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागातून तिथल्या काकांचा मला फोन. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला होता आणि ते रास्तच होतं.

कोअर बँकिंगचे, म्हणजे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्रणेला जोडण्याचे, सुरुवातीचे दिवस होते ते. शाखेला ६४ केबीपीएसची लीज लाइन (कायम जोडलेली भाड्याची लाइन), ती पडली तर आयएसडीएन (फोनसारखी डायल करून लागणारी डिजिटल लाइन) डायल करायचं. डायल झालं की मीटर सुरू. म्हणून बॅकअप लाइनने एरवी गप्प राहणं हेच तिचं निम्मं काम.

राउटर एकमेकांना रस्ते कळवायला जो ओएसपीएफ प्रोटोकॉल वापरतात, त्याचा स्वभाव नेमका उलटा. दर १० सेकंदांनी हॅलो (शेजाऱ्याला 'मी आहे' असा निरोप), दर ३० मिनिटांनी प्रत्येक एलएसए (नेटवर्कच्या स्थितीची नोंद) ताजा करणं. अशा लाइनींसाठीच १९९५ साली आरएफसी १७९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात डिमांड सर्किटची सोय आली : ओळख एकदा पक्की झाली की हॅलो बंद, आणि पलीकडे दिलेले एलएसए जुने होत नाहीत असं धरायचं. राउटरवर ही सोय चालू होती. दोन्ही बाजूंनी तपासली, बरोबर होती.

मग डीबग डायलर (कॉल कशामुळे लागतो ते दाखवणारी राउटरची कमांड) लावून बसलो. १२० सेकंद काही हालचाल नाही म्हणून कॉल तुटायचा आणि लगेच पुन्हा लागायचा. कारण दरवेळी तेच, २२४.०.०.५ या ओएसपीएफच्या राखीव पत्त्याकडे जाणारं पॅकेट. म्हणजे ओएसपीएफच. पण हॅलो तर बंद! डिमांड सर्किट जागं होतं ते नेटवर्कमध्ये खरोखर काही बदललं तरच. मग बदलतंय काय?

एलएसएची यादी कॉल चालू असताना आणि तुटल्यावर अशी शेजारी ठेवली, तेव्हा सापडलं. पीपीपी (लाइनची दोन टोकं जोडणारा प्रोटोकॉल) जुळलं की राउटर पलीकडच्या टोकाचा एक /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा रस्ता) आपणहून टेबलात घालतो. शाखेमागे आरआयपी (ओएसपीएफपेक्षा जुना रूटिंग प्रोटोकॉल) बोलणारे जुने राउटर होते, त्यांचे रूट ओएसपीएफमध्ये मिसळले जात होते. हा /३२ आरआयपीच्याच नेटवर्कात बसत असल्याने तोही आत जायचा. कॉल तुटला की रूट गेला. रूट गेला की ती बातमी पलीकडे सांगायची, त्यासाठी कॉल लागायचा, आणि रूट परत यायचा! लाइन स्वतःच्याच तुटण्याची खबर द्यायला उठत होती. आयएसडीएनवर आरआयपी पॅसिव्ह केलेलं होतं, म्हणजे त्या लाइनवर ते स्वतः काही पाठवत नव्हतं, त्यामुळे तिकडे कोणाचा संशयही गेला नव्हता.

उपाय एका ओळीचा : डायलर इंटरफेसवर 'नो पीअर नेबर-रूट', म्हणजे तो /३२ आपणहून घालू नको. कॉल तुटला. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो, चहा आला, लाइन उठली नाही. मग मुद्दाम लीज लाइनची केबल काढली, तेव्हा मात्र ती लगेच डायल झाली. शाखेत स्लिपा पास होत होत्या.

शाखेमागे दुसरं काही नसेल तर मी बॅकअपवर ओएसपीएफ चालवतच नाही. अंतर (रूटच्या पसंतीचा आकडा, कमी तो आधी) २०० दिलेला स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट पुरतो. ओएसपीएफचं अंतर ११०, त्यामुळे त्याचा रूट असेपर्यंत स्टॅटिक मागेच राहतो. गडहिंग्लजला मागे आरआयपीचे राउटर होते, म्हणून ते शक्य नव्हतं.

काकांना मात्र एक सांगून आलो : दर महिन्याला, निदान पावसाळ्याआधी तरी, अशीच केबल काढून बघायची. गप्प असलेली लाइन जिवंत आहे की मेलेली, हे बिलावरून कळत नाही.