फूटपट्टी आणि दोरा

परवा दुपारी, काही कारण नसताना, मी बीजिंग आणि न्यूयॉर्क यांच्यामधले हवाई अंतर पाहिले. सुमारे 11,000 किलोमीटर. आकडा वाचून उगीचच मन खट्टू झाले, कारण हेच अंतर मी लहानपणी स्वतः मोजले होते आणि ते 21,000 च्या वर भरले होते.

नकाशासंग्रहाचे मधले जोडपान उघडून मी जमिनीवर पालथा पडलो होतो. दोन्ही शहरे चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे लाकडी फूटपट्टी अगदी आडवी बसली. तिच्या कडेला माद्रिद आले, अंकारा आले, आणि पानांच्या शिवणीत बुडालेला ग्रीनविचचा जरासा भाग मी अंदाजाने मिळवला. मग खालच्या प्रमाणाने गुणाकार केला. ते प्रमाण विषुववृत्तापुरतेच खरे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मर्केटरने 1569 साली ज्या पद्धतीने जग सपाट केले, तीत होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशाची वाट सरळ रेषेत उमटते खरी, पण त्यापायी ध्रुवांकडचा मुलूख इतका फुगतो, की चौदापट मोठ्या आफ्रिकेशी ग्रीनलंड बरोबरी करू लागते.

पुढे कधीतरी पृथ्वीचा गोल हाती आला, तेव्हा शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मी तीच दोन शहरे जोडली. दोरा चाळिसाव्या अक्षांशावर धरून ठेवावा, तर ताण देताच तो बोटाखालून निसटून वर सरके, आणि शेवटी उत्तर ध्रुवावरच्या खिळ्याच्या टोपीला जवळजवळ टेकूनच स्थिर होई. माद्रिद आणि अंकारा कुठल्या कुठे राहिली.

खरी गंमत त्याहून पुढची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञांनी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असे ठरवले. त्यामुळे पृथ्वीचा घेर जवळपास 40,000 किलोमीटर भरतो आणि कोणतीही दोन गावे एकमेकांपासून फार तर 20,000 किलोमीटर दूर असू शकतात. म्हणजे माझे बीजिंग न्यूयॉर्कपासून इतके लांब होते, की ते या पृथ्वीवर मावतच नव्हते.

तेव्हापासून विमानात बसलो, की समोरच्या पडद्यावर चित्रपट न लावता मी ती वाकडी रेषा आणि घटत जाणारा आकडा पाहत राहतो. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यामुळे तेच अंतर जाताना आणि येताना वेगवेगळ्या तासांत कापले जाते, हे मला अजूनही पटवून घ्यावे लागते. शिवाय हे अंतर शहराच्या नेमक्या कोणत्या ठिकाणापासून मोजतात, ही शंका आहेच.

वहीतल्या त्या 21,000 पुढे मात्र बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केली होती. त्यांनीही बहुधा पट्टीनेच मोजले असावे.